चार फूट सात इंच

इंदोरा, नागपूर
२० नोव्हेंबर १९८३

ती. बाबांस जयाचा जयभीम.

दसऱ्याला आज पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी दोनदा गावी येऊन गेले आणि दोन्ही वेळा तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. पहिल्या खेपेला मिरचीच्या वावरात शिरलात ते मी एस.टी.त बसेपर्यंत बाहेर आला नाहीत. दुसऱ्या खेपेला घरातच होतात, पण मायला म्हणालात, "त्या इंजिनेर बाईले सांग, च्या थंडा होऊन राहिला." मी समोर दोन हातांवर बसले होते. एवढ्या जवळच्या माणसाला निरोप पाठवायला तुम्हीच पाहिजे.

म्हणून पत्र लिहिते. माझ्याकडे पाठ फिरवाल, पण कागदाकडे फिरवणार नाही. तुम्ही शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून, बोट ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. चौथी पास माणसाची ही खोड माझ्या कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आधी कामाचं. सोबत आमच्या पंप सुधार योजनेचा अर्ज आहे. तुम्ही त्या दिवशी ऐकून घेतलं नाही, म्हणून पुन्हा सांगते. आम्ही शेतावर जातो आणि पंप तपासतो. दोनशे लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरला, तेवढ्या वेळात मोटारीनं किती वीज खाल्ली, विहिरीतून पाणी किती उंच चढवावं लागलं, हे मोजतो. मग गणित मांडलं की कळतं, वीज किती कामी आली आणि किती उगीच गेली. आपल्या पंपाचा निकाल शंभरात सत्तावीस. मी शाळेत कधी सत्तावीस मार्क आणले असते तर तुम्ही जेवू दिलं नसतं.

दोष तीन निघाले. विहिरीच्या तळचा फूटव्हॉल्व्ह गळका आहे, म्हणून रोज सकाळी पंपात पाणी भरावं लागतं. लोखंडी पाइप अरुंद आहे. आणि तिसरा दोष तो नळ. विहिरीजवळ पाइप जमिनीतून निघायचा, चार फूट सात इंच सरळ वर चढायचा आणि तिथून पाणी खाली टाक्यात पाडायचा. वावरात पाणी जमिनीवरूनच जायचं असतं. मग ते पुरुषभर चढवायचं आणि पुन्हा पाडायचं कशाला? त्यात पंपाचा दम जातो. गाव त्याला 'लहानूचा धबधबा' म्हणतं आणि हसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

नवा फूटव्हॉल्व्ह आणि रुंद प्लास्टिकचा पाइप योजनेतून मिळतो. तुमचं काम एवढंच, की तपासणीत निघालेले दोष काढायला कबूल आहे अशी सही करायची. मुदत ३१ मार्च. सहीच्या जागी मी पेन्सिलीनं फुली मारली आहे.

राहिला तो नळ कापल्याचा विषय. साहेब लोक तपासणी पाहायला येणार होते, तसा हुकूम होता आणि आमच्या ऑफिसच्या दादाजी फिटरनं नळ कापला. माझ्या हातात काय होतं? तरी त्याचा राग माझ्यावर. असू द्या.

मायला सांगा, स्वेटर बसला.

तुमची
जया

---

इंदोरा, नागपूर
१८ डिसेंबर १९८३

ती. बाबांस जयभीम.

अर्ज आला नाही, पण वांगी आली. चंपतराव कंडक्टर स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत थैली घेऊन आले. म्हणाले, "तुह्या मायनं देल्ली." मी थैलीकडे पाहिलं. तोंड सुतळीनं बांधलं होतं आणि गाठ तुमची होती. मायची गाठ दातांनी सुटते. तुमची सोडायला आमच्या घरमालकीण सिंधूताईंना सांडशी आणावी लागली. बोलायचं नाही आणि थैली मात्र बांधून द्यायची, हा कुठला अबोला म्हणायचा?

सुतळी मी टाकली नाही. गुंडाळून खिडकीत ठेवली आहे.

चंपतरावांनी दुसरी एक बातमी आणली, ती ऐकून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. तुम्ही म्हणे तो कापलेला नळ परत उभा केला. सायकलची ट्यूब फाडून सांधा गुंडाळला आणि वरून तार आवळली. बाबा, ती ट्यूब काय पंपाचा जोर सोसणार आहे? चंपतराव म्हणाले, "पानी सांध्यातूनच चारीकडं उडून राहिलं, टाक्यात पडतच नाई." म्हणजे आधी सत्तावीस होते, आता वीसही नसतील. मिरची फुलावर आली आहे. तिला आत्ता पाणी तुटलं तर फूल गळेल, हे मी तुम्हाला सांगायचं का? तुम्हीच मला शिकवलंत. चार फुटांच्या एका लोखंडापायी तीन एकर मिरची वाळू देणार आहात का? मला खरंच राग आला आहे. पत्रात लिहिते म्हणून हळू दिसतो, एवढंच.

थोडं माझं सांगते. या महिन्यात एकवीस पंप तपासले. गावात गेले की आधी बांधावर माणसं जमतात. परवा एकानं माझ्यादेखत दुसऱ्याला विचारलं, "बाईमानूस पंप तपासते काय गा?" दुसरा म्हणाला, "पाहू तं दे, कशी तपासते." मी पेटी उघडली, मीटर जोडला, ड्रमपाशी घड्याळ घेऊन उभी राहिले. ड्रम भरेपर्यंत सगळे गप्प होते, शाळेच्या तपासणीला असतात तसे. त्या घरची सून रोज सकाळी पंपात दोन बादल्या शेणकाला ओतते, म्हणजे गळका फूटव्हॉल्व्ह तेवढ्यापुरता बुजतो. मला हसू आलं. तिसरी-चौथीत असताना आपल्याकडे ते काम माझं होतं. तुम्ही विहिरीवरून "ओत वं!" म्हणून ओरडायचात आणि मी बादली पंपाऐवजी निम्मी पायावर ओतायची.

नळाला नवीन ट्यूब बांधू नका. अर्जावर सही करा.

तुमची
जया

---

इंदोरा, नागपूर
१५ जानेवारी १९८४

ती. बाबांस जयभीम.

आज थोडंच लिहिते, पण ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दादाजी फिटर शुक्रवारी कामासाठी आपल्या गावावरून गेले. पाणी प्यायला घरी थांबले, तर मायनं त्यांना दारातच सांगितलं, "माह्या मालकाचा नळ कापनारा मानूस माह्या घरी नाई पाहिजे." ते तसेच परत फिरले. ऑफिसात आल्यावर मला म्हणाले, "पोरी, मी तुह्या मायले काही सांगितलं नाई. पन मले तहान लागली होती वं."

बाबा, नळ त्यांनी कापला नाही. मी कापला.

हुकूमही नव्हता. साहेब पुढच्या आठवड्यात यायचे होते आणि त्यांनी नळाचं नावही काढलं नव्हतं. दादाजींनी तर करवत हातात घ्यायलाच नकार दिला. "मालक घरी नाई, दसऱ्याचं दीक्षाभूमीवर गेले हायेत, त्याइले इचारल्याशिवाय मी पात लावत नाई," असं म्हणून ते लिंबाखाली जाऊन बसले. मी त्यांच्या पेटीतली करवत घेतली आणि कापला. अर्धा तास लागला. माय घरात चुलीपाशी होती, तिला कळलं नाही. हाताला फोड आले. मला वाटलं, तुम्ही संध्याकाळी याल, पाणी वाढलेलं पाहाल, आधी ओरडाल आणि मग हसाल. ड्रम सहा सेकंद आधी भरत होता. ते सहा सेकंद तुम्हाला दाखवायची मला घाई झाली होती.

तुम्ही आलात. पांढरे कपडे, हातात नवीन पुस्तक आणि मायसाठी बुद्धमूर्तीचा फोटो. नेहमीसारखे आधी विहिरीकडे गेलात. मग घरात येऊन माठातलं पाणी प्यालात आणि मला एवढंच म्हणालात, "लय शिकली वं तू."

खरं सांगते, क्षणभर मला ती शाबासकीच वाटली.

त्याआधी मी तीनदा विचारलं होतं, हा नळ एवढा उंच कशाला? तिन्ही वेळा तुम्ही "राहू दे" म्हणालात. मला वाटलं, लोकांना दुरून पाणी दिसावं म्हणून मिजास असेल. तपासणीच्या कागदावर मी लिहिलं, 'निर्गम नळ: अनावश्यक उंची, ४ फूट ७ इंच.' आता मला त्या 'अनावश्यक'ची खात्री वाटत नाही. मिजास करणारा माणूस तीन महिने गप्प राहत नाही, तो भांडतो.

मायला खरं काय ते सांगा. दादाजींना तिनं एकदा चहाला बोलवावं.

तुमची खोटं बोललेली
जया

---

इंदोरा, नागपूर
१२ फेब्रुवारी १९८४

बाबा,

परवा मी मौद्याच्या अलीकडच्या एका गावात होते. तपासणी आटपली आणि घरच्या ओट्यावर चहाला बसले. आतून एक म्हातारी आली, काठीवर, कमरेत वाकलेली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग सरळ जवळ येऊन तिनं माझी हनुवटी धरली.

"तू लहानूची पोरगी होय का वं? भीमाबाईची नात?"

मी हो म्हटलं. "हनुवटी तिचीच हाये," म्हणाली. "ते कोठी लपत नाई."

ती पंचफुला. आपल्याच वस्तीतली, आजीच्या बरोबरीनं धान कापायला जाणारी. आता लेकीकडे राहते. तुम्हाला आठवत असेलच. मी तिला कौतुकानं माझं काम सांगायला लागले, पंप कसा मोजते, ड्रम कसा भरते. तिनं मध्येच विचारलं, "तुमच्या हिरीवरचा नळ हाये ना अजून? त्याच्याखालचा माहा गोटा हाये ना?"

बाबा, तो चपटा दगड मी जन्मभर कपडे धुवायचा समजत होते.

मी तिला सांगितलं, की नळ मी कापला. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही, फक्त विचारलं, "त्यानं तुले काईच सांगितलं नव्हतं?" मी नाही म्हटलं. मग तिनं काठीच्या टोकानं जमिनीवर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "आमी तं वचन देल्लं होतं. पन आता त्या वचनानं नळ कापला गेला. आता सांगतो."

तिनं सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. तरी मी लिहिते. मला ते माहीत झालं, हे तुम्हाला माहीत असावं.

शेतमालकाच्या खळ्यावर दुपारचं पाणी कसं मिळायचं, ते तिनं मला बसून दाखवलं. विहिरीला हात लावायचा नाही. लांब उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाशी धरायची आणि गडी वरून लोटा ओतणार. आजी उंच होती आणि तो गडी बुटका. "तो म्हने, अजून खाली हो, तुही उंची लय हाये. भीमा गुडघ्यावर आली. म्हने, अजून. तिनं मान पार जमिनीकडं नेली. तवा त्यानं ओतलं, अन् अर्ध नाकात गेलं. सारे हासले. लहानू बाजूलेच उभा होता, धा वर्साचा. त्याची पाळी आली तं तो बसलाच नाई. तहानेला घरी गेला. त्या दिवसापासून त्यानं कोनाच्या लोट्यानं पानी नाई पेलं."

तुम्ही कुठेही जाताना तो वाळक्या भोपळ्याचा तुंबा बरोबर नेता आणि मी पोरपणी त्याला हसायची, लग्नाच्या वरातीतसुद्धा बाबांचा भोपळा म्हणून. कोणी मला तेव्हा एक चापट तरी मारायची.

मग तिनं आपल्या पंपाचा पहिला दिवस सांगितला. तुम्ही आजीला विहिरीजवळ ताठ उभं केलंत आणि पायाच्या टाचेपासून हनुवटीपर्यंत सुतळी लावलीत. ती सुतळी खिशात घालून नागपूरला गेलात, इतवारीत दुकानदारापुढे धरलीत आणि तेवढाच नळ कापून आणलात. पंप सुरू झाल्यावर आजीला म्हणालात, "माय, हात मांगं बांध." तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले. ओंजळ नाही, वाकणं नाही. उभ्या उभ्या तोंड लावलं आणि प्याली. पंचफुला म्हणाली, "मी ठेंगनी. माहं तोंडच पुरेना. मंग लहानूनं तो गोटा लोटत आनला अन् म्हने, पंचफुला, आता तू उंच झाली. सारी वस्ती त्या दिवशी हात मांगं बांधून पानी पेली. इतकं हासलो, इतकं रडलो."

चार फूट सात इंच. पाइपाचं असं वेडंवाकडं माप कोणी कापत नाही. मी कागदावर आकडा लिहिला तेव्हाच मला विचारायला हवं होतं.

तुम्ही आम्हाला का सांगितलं नाही, तेही मी तिला विचारलं. म्हणाली, "त्यानं साऱ्याइले सांगून ठेवलं होतं, माह्या पोराइले हे सांगाचं नाई. आइकलं तं त्याइच्या मानेत ते वाकनं येईन. त्याइच्या मानेत ते नाई पाहिजे."

बाबा, ते आलं नाही. मी कुठल्याही गावात, कुठल्याही विहिरीवर जाते, वर चढून दोरी टाकते, पाण्याची पातळी मोजते आणि "पाणी द्या" म्हणून सांगते. माझ्या मनात कधी काही येत नाही. तुम्ही ते माझ्यापर्यंत पोचूच दिलं नाही, इतकं की मी करवत घेतली आणि आजीच्या हनुवटीखालून नळ कापून टाकला, तोही दसऱ्याला.

मी चुकले. तुमच्या पायाशी बसून सांगायला हवं, पण तुम्ही उठून वावरात जाल, म्हणून इथंच सांगते. मी फार चुकले, बाबा.

जया

---

इंदोरा, नागपूर
४ मार्च १९८४

ती. बाबांस जयभीम.

तीन आठवडे झाले, काही उत्तर नाही. थैल्या येतात. मागच्या थैलीत टमाटे आणि एकच हिरवी मिरची होती. ती मायनं ठेवली की तुम्ही, ते कळलं नाही. मिरची तिखट होती पण आखूड. पाण्याला कमी पडली आहे, हे मी ताटात पाहूनच सांगू शकते.

मुदत संपायला सत्तावीस दिवस उरले. नवा पाइप आणि फूटव्हॉल्व्ह तुमच्या नावानं ऑफिसात बाजूला काढून ठेवला आहे. सही आली नाही तर तो यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल आणि तुम्ही ट्यूबच बांधत बसाल. त्या नळापायी तुम्ही सही करत नाही, हे आता मला समजतं. ज्या कागदावर तो नळ 'अनावश्यक' लिहिला आहे, त्याखाली तुम्ही कबूल म्हणून नाव घालणार नाही. घालूही नका.

म्हणून मी तो कागद बदलला. साहेबांसमोर जाऊन सांगितलं, की माझी तपासणी चुकली आहे. ते म्हणाले, मोजमाप चुकलं का? मी म्हटलं, मोजमाप बरोबर आहे, शेरा चुकला. 'अनावश्यक' खोडून खाली सही केली. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मग पाण्याचं नुकसान होतं, त्याचं काय करणार?"

त्याचं मी हे करणार आहे. पाइप जमिनीतून निघतो तिथंच त्याला दोन तोंडं करायची. एक तोंड जमिनीलगत, वावरासाठी. दुसरं उभं, आजीच्या नळासारखं. मध्ये एक चावी. ओलित चालू असेल तेव्हा पाणी खालच्या तोंडानं जाईल आणि पंपाला दम लागणार नाही. कोणाला तहान लागली की चावी फिरवायची, पाणी वर चढेल. पंपाचा दम जाईल तो पिण्यापुरताच. मी सगळं गणित मांडून पाहिलं, नवा पाइप धरून शंभरात त्रेपन्न येतात. दादाजी म्हणाले, "हे मी फुकटात बसवून देतो. पन मालक सोता उभे पाहिजेत."

नवा अर्ज सोबत आहे. त्यात दोन रकाने मी रिकामे सोडले आहेत. 'निर्गम नळाची उंची' आणि 'उंचीचे कारण'. साहेब म्हणतात, रिकामा रकाना चालत नाही, तूच भरून टाक. मी भरणार नाही. मागच्या वेळी तुमच्या मागं मी भरला आणि काय झालं ते आपण दोघंही पाहतो आहोत. चार फूट सात इंच लिहा आणि कारण तुम्हाला वाटेल ते लिहा. वाटलं नाही तर 'राहू दे' लिहा. साहेबांना मी समजावीन.

कापलेला तुकडा टाकू नका. त्याला काही झालं तर मला फार वाईट वाटेल.

दोन दिवस झाले, मी नळाला तोंड लावून पाणी पिताना हात मागं बांधून पाहते. सिंधूताई विचारतात, "काहून वं, खांदे दुखून राहिले का?" मी हो म्हणते.

तुमची
जया

---

इंदोरा, नागपूर
२१ मार्च १९८४

बाबा,

आज दुपारी चंपतराव ऑफिसातच आले. धरमपेठेतलं ऑफिस शोधत आले बिचारे, एस.टी. स्टँडवरून उन्हात पायी. थैली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लहानूभाऊनं सोता आनून देल्ली. म्हने, घरी नाई, हापिसातच दे. कागद हाये." त्यांना पाणी दिलं आणि गाठ सोडायला बसले. गाठ तुमची आणि ऑफिसात सांडशी नाही, शेवटी दादाजींनी पकडीनं सोडवली.

वर लाल मिरच्या. खाली पेपरात गुंडाळलेला अर्ज. माझ्या पेन्सिलीच्या फुलीवर तुमची सही, प्रत्येक अक्षर वेगळं, ओळीच्या थोडं वर चढलेलं. रकाने मी उभ्या उभ्या वाचले. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचले. तुमच्याच शब्दांत इथं उतरवते. मूळ कागद ऑफिसात जमा होणार, म्हणून माझ्या वहीतही उतरवून घेतलं, हे मला जवळ पाहिजे.

'निर्गम नळाची उंची: जुना नळ मायचा होता, तो गोठ्यात जपून ठेवला हाये. नवा मोजाचा राहिला हाये. जया आली की तिच्या हनुवटीले लावून मोजू.'

'उंचीचे कारण: आता तिनं प्याचं हाये.'

दादाजींनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि पकड पेटीत ठेवायला म्हणून बाहेर गेले. मी रडले, बाबा. ऑफिसात, सगळ्यांसमोर, मिरचीच्या हातांनी डोळे पुसले आणि मग दुप्पट रडले. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, मिरची. आखूड नव्हती या वेळची.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "कारण ठीक आहे. पण उंचीच्या रकान्यात आकडा लागतो." मी म्हटलं, सोमवारी देते.

रविवारी पहिल्या गाडीनं येते. दादाजी बरोबर आहेत, मायला सांगा त्यांच्या चहात साखर जास्त घाल. पाइप आणि चावी ऑफिसच्या जीपमधून मागून येईल. पंचफुलाला वाटेत घेते आहे, ती म्हणते, तिचा गोटा तिथंच पाहिजे.

टेप आणत नाही. तुमच्या थैल्यांची सगळी सुतळी मी ठेवली आहे, ती आणते. मी विहिरीजवळ हात मागं बांधून उभी राहीन. तुम्ही माप घ्या.

तुमची
जया